वाचकांचे प्रश्न: जर्मन तांत्रिक विद्यापीठातला प्रवेश आणि भाषेची अट

जर्मनीत शिकायला जाण्याविषयीची पत्रे या वेळी इतकी आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. बहुतेकांनी आखेन, म्युनिक, बर्लिन, ड्रेस्डेन, डार्मश्टाट, श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हानोफर आणि ब्राउनश्वाइग या नऊ तांत्रिक विद्यापीठांबद्दल विचारले आहे. त्यांच्या गटाला ‘टीयू नाइन’ म्हणतात. उत्तरे वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आपल्याकडच्या कॅप राउंडसारखी एकच यादी, एकच परीक्षा, एकच कट-ऑफ तिथे नसतो. अट ठरते ती अभ्यासक्रमाची. एकाच विद्यापीठातल्या मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या एम.एस्सी.च्या अटी, मुदती आणि भाषेची पातळी वेगवेगळी असू शकते. त्यामुळे ‘आखेनला काय लागतं?’ असे विचारून उपयोग नाही. आखेनच्या कोणत्या अभ्यासक्रमाला काय लागते, हे त्या अभ्यासक्रमाच्या पानावर शोधायचे.

प्रश्न: मी पुण्यात बी.ई. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीजीपीए ८.२ आहे. जर्मन पद्धतीत हे किती होतात आणि एवढ्यावर मास्टर्सला प्रवेश मिळेल का?

जर्मन श्रेणीत १.० सर्वांत चांगली आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. रूपांतरासाठी ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला ३ ने गुणा, जास्तीत जास्त आणि किमान पास गुणांमधल्या फरकाने भागा आणि उत्तरात १ मिळवा. तुमच्या बाबतीत १० मधून ८.२ गेले १.८. पास होण्याचा किमान ग्रेड पॉइंट ४ असेल तर फरक ६. म्हणून १.८ गुणिले ३ भागिले ६, म्हणजे ०.९, अधिक १, म्हणजे १.९. हाच किमान पॉइंट ५ धरला तर उत्तर जवळपास २.१ येते. इतका फरक केवळ त्या एका आकड्याने पडतो. म्हणून गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेली श्रेणींची तक्ती स्कॅन करून जोडायला विसरू नका. ती नसेल तर तपासणारा स्वतःच्या माहितीप्रमाणे किमान गुण धरतो. सीजीपीएचे टक्के करून, मग त्या टक्क्यांवर सूत्र लावण्याचा उद्योगही करू नका. गुणपत्रिकेवर जे छापले आहे तेच अर्जात भरा.

१.९ ही चांगली श्रेणी आहे. पण खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो आणि बहुतेक अर्ज तिथेच अडकतात. जर्मन विद्यापीठ तुमची पदवी आणि त्यांची स्वतःची बॅचलर पदवी शेजारी शेजारी ठेवून पाहते. गणित किती झाले, मेकॅनिक्स किती, थर्मोडायनॅमिक्स किती, हे ते युरोपीय क्रेडिटमध्ये, म्हणजे ईसीटीएसमध्ये मोजतात. एक ईसीटीएस म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम, त्यात घरचा अभ्यासही धरलेला असतो. पूर्ण वेळच्या एका वर्षाला ६० ईसीटीएस.

आता तुमची क्रेडिट त्यात कशी बसवायची ते पाहू. समजा तुमच्या चार वर्षांच्या पदवीची एकूण क्रेडिट १६० आहेत. चार वर्षांचे ईसीटीएस २४०. म्हणजे तुमचे एक क्रेडिट साधारण दीड ईसीटीएस. एम-१, एम-२ आणि एम-३ मिळून तुमची गणिताची १२ क्रेडिट होत असतील तर ती झाली १८. अभ्यासक्रमाच्या नियमावलीत गणित २० मागितले असेल तर २ कमी पडतात. न्युमेरिकल मेथड्स किंवा स्टॅटिस्टिक्सचा पेपर झाला असेल तर तो गणिताच्या रकान्यात धरला जाऊ शकतो, पण त्याच्या मजकुरात गणित स्पष्ट दिसले पाहिजे. प्रोफेशनल कम्युनिकेशन, पर्यावरण, सेमिनार यांची क्रेडिट एकूण बेरजेत येतात, पण विषयवार अट भरून काढायला कामाची नसतात. शेवटी काही विद्यापीठे दीडचा गुणक घेतात, काही स्वतःचा. त्यांनी एक्सेलचा नमुना दिला असेल तर त्याच नमुन्यात भरा.

तपासणारा प्राध्यापक पेपरचे नाव बघून निर्णय घेत नाही. ‘थिअरी ऑफ मशीन्स’ या नावाखाली एखाद्या विद्यापीठात गतिशास्त्र शिकवतात, दुसरीकडे नुसत्या यंत्रणा. म्हणून प्रत्येक पेपरचे घटक, तास आणि संदर्भग्रंथ असलेला अधिकृत अभ्यासक्रम जोडायचा असतो. तो तुमच्याच पॅटर्नचा असावा. २०१९ पॅटर्नच्या विद्यार्थ्याने त्याच्या नंतरच्या पॅटर्नची पीडीएफ जोडली की गुणपत्रिकेतले विषय-संकेतांक जुळत नाहीत, आणि न जुळलेले विषय शून्य धरले जातात. पीडीएफ दोनशे पानांची असेल तर तुमचे पेपर ज्या पानांवर आहेत तेवढी पाने काढा, क्रम लावा, पहिल्या पानावर पेपर आणि पान क्रमांकांची यादी द्या. हे काम किचकट आहे, त्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि संपूर्ण अर्जात यापेक्षा जास्त मोलाचे दुसरे काहीही नाही.

म्युनिकमध्ये बहुतेक मास्टर्ससाठी पात्रता-चाचणीची प्रक्रिया असते. श्रेणी, विषयांची जुळणी आणि तुमचा हेतू सांगणारे पत्र यांना वेगवेगळे गुण देतात, काही अभ्यासक्रमांत मुलाखतही घेतात. काही ठिकाणी भारतीय पदवीधरांकडून जीआरई किंवा गेटचे गुणही मागतात. त्यामुळे ८.२ वाल्याला नकार आणि ७.४ वाल्याला प्रवेश असे घडते. त्यात अन्याय नाही, विषयांची जुळणी असते.

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याला थेट जर्मनीत इंजिनीअरिंगला पाठवायचे आहे. सीईटीला चांगले पर्सेंटाइल येतील अशी आशा आहे. (एक पालक, कोल्हापूर)

सीईटीचे पर्सेंटाइल तिथे उपयोगी पडत नाही. जर्मनीत शालेय शिक्षण आपल्यापेक्षा वेगळे असते, म्हणून नुसत्या बारावीवर थेट बॅचलरला प्रवेश देत नाहीत. बारावीनंतरचे मार्ग तीन. पहिला, जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असणे. इथे जेईई मेन धरत नाहीत. अॅडव्हान्स्ड असेल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांना थेट अर्ज करता येतो. दुसरा, इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात इंजिनीअरिंगचे पहिले वर्ष पूर्ण उत्तीर्ण होऊन त्याच शाखेला अर्ज करणे. तिसरा, श्टुडिएनकोलेग. हा दोन सत्रांचा पूर्वतयारीचा वर्ग असतो. इंजिनीअरिंगसाठी त्यातला टी-कोर्स घ्यावा लागतो. त्यात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जर्मन शिकवतात. शेवटी पात्रता परीक्षा असते आणि तिची श्रेणी पुढच्या प्रवेशाला धरतात. बर्लिन, डार्मश्टाट, कार्ल्सरूह आणि हानोफर इथे अशी सरकारी कोलेग आहेत.

कोलेगमध्ये शिरायलाच प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती जर्मनमधून. भाषेची पातळी निदान बी१, बऱ्याच ठिकाणी बी२ (युरोपीय मोजपट्टीत ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या पातळ्या असतात). म्हणजे बारावीच्या निकालानंतर जर्मन सुरू केले तर त्याच वर्षीचे, म्हणजे ऑक्टोबरला सुरू होणारे हिवाळी सत्र मिळणे अवघड. मुलगा अकरावीत असतानाच शिकायला लागला असता तर सोपे गेले असते. आता बारावीनंतर एक वर्ष भाषेसाठी मोकळे ठेवा, किंवा इथे पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन सोबत भाषा करा. दुसरा पर्याय आम्हाला जास्त सुरक्षित वाटतो, कारण काही बिनसले तर मुलाचे वर्ष हातातून जात नाही.

दोन बारीक गोष्टी. अकरावी-बारावीला बायफोकलचा व्यावसायिक विषय घेतला असेल तर तो शैक्षणिक विषय म्हणून धरला जाईल असे गृहीत धरू नका. ‘अनाबिन’ या जर्मन सरकारी माहितीकोशात भारताच्या बारावीसाठी विषयांची अट दिली आहे, ती आधी वाचा. आणि मेकॅनिकलच्या अनेक बॅचलर अभ्यासक्रमांना प्रवेशाआधी काही आठवड्यांचे कारखान्यातले प्रशिक्षण लागते. वेल्डिंग, फाइलिंग, लेथ अशी हातकामे त्यात अपेक्षित असतात. कार्यालयात बसून केलेली इंटर्नशिप चालत नाही.

तांत्रिक विद्यापीठांतले बॅचलर बहुतांशी जर्मनमधून चालते. म्युनिकमध्ये एरोस्पेससारखे काही अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत, पण ते अपवाद.

प्रश्न: माझे सगळे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले. कॉलेजने तसे पत्रही दिले आहे. तरी आयईएलटीएस द्यावी लागेल का?

धरून चाला की द्यावी लागेल. माध्यमाचे पत्र काही ठिकाणी चालते, बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि जिथे चालते तिथे ते कॉलेजचे नसून विद्यापीठाचे लागू शकते. म्युनिकच्या इंग्रजी अभ्यासक्रमांना आयईएलटीएसमध्ये एकूण ६.५ मागतात. इतरत्र कुठे ६ पुरते, कुठे प्रत्येक विभागात वेगळी किमान पातळी असते. निकाल दोन वर्षेच ग्राह्य, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घाईने परीक्षा देऊ नका. अकॅडेमिक प्रकार निवडा. जनरल ट्रेनिंगचा निकाल अर्जाला जोडणारे दर वर्षी निघतात आणि तो बाद होतो.

इंग्रजी अभ्यासक्रम असला तरी काही ठिकाणी पहिल्या वर्षात ए१ पातळीचे जर्मन पूर्ण केल्याचा दाखला मागतात. निघायच्या आधी इथेच ए२ करून जा. शहरातल्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, घरमालकाशी करार करायचा, तिथे इंग्रजीवर भागत नाही. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कंपन्यांमधल्या अर्धवेळ तांत्रिक कामांच्या जाहिरातीही बऱ्याचदा जर्मन बी१-बी२ मागतात.

प्रश्न: माझ्याकडे बी२ चे प्रमाणपत्र आहे. जर्मन माध्यमातल्या मास्टर्सला ते पुरेल का? टेस्टडाफ, डीएसएच, टेल्क यांतले कोणते निवडू? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

बहुतेक जर्मन माध्यमाच्या अभ्यासक्रमांना बी२ पुरत नाही. टेस्टडाफ, डीएसएच आणि टेल्क या तिन्ही जर्मन भाषेच्या परीक्षा आहेत. सर्वसाधारण अट यांपैकी एक असते: डीएसएच-२, टेस्टडाफच्या चारही विभागांत टीडीएन ४ (३ ते ५ या पातळ्यांतली ४), टेल्क सी१ होखशूल, किंवा गोएथे इन्स्टिट्यूटची सी२ परीक्षा. गोएथे सी१ कुठे चालते, कुठे नाही. ते नाव अभ्यासक्रमाच्या पानावर स्वतः शोधा. टेल्कच्या बाबतीत ‘होखशूल’ हा शब्द असलेलीच परीक्षा लागते, साधी टेल्क सी१ नव्हे.

डीएसएच विद्यापीठे स्वतः घेतात, म्हणून ती देण्यासाठी साधारणपणे जर्मनीतच जावे लागते. ५७ टक्क्यांना डीएसएच-१, ६७ ला डीएसएच-२, ८२ ला डीएसएच-३. लेखी आणि तोंडी दोन्हींत ती टक्केवारी स्वतंत्रपणे गाठावी लागते. एकीतले जास्तीचे गुण दुसरीला देता येत नाहीत. तुम्ही भारतात असल्यामुळे तुमच्यासाठी टेस्टडाफ किंवा टेल्क व्यवहार्य. टेस्टडाफच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, हा तिचा मोठा फायदा.

संगणकावरच्या टेस्टडाफची रचना अशी: वाचन ५५ मिनिटे, ऐकणे ४० मिनिटे, लेखन ६० मिनिटे, बोलणे ३५ मिनिटे. बहुतेकांचे अडते ते एका विभागात. तीन विभागांत ४ किंवा ५ आणि एकात ३ आले की ‘चारही विभागांत ४’ ही अट मोडते, आणि पुन्हा परीक्षा देताना चारही विभाग द्यावे लागतात. काही विद्यापीठे एकूण बेरीज १६ असेल तर चालवून घेतात. ते नियमावलीत लिहिलेले असते, त्यामुळे निकाल हाती आल्यावर हताश होण्याआधी तेवढे तपासा.

मोडणारा विभाग सहसा लेखन किंवा बोलणे असतो. लेखनात दोन कामे, प्रत्येकी अर्धा तास. एकात निदान २०० शब्दांत बाजू मांडायची, दुसऱ्यात मजकूर आणि आलेख दोन्हींतून १०० ते १५० शब्दांचा गोषवारा काढायचा. आपल्या विद्यार्थ्यांची चूक अशी की गोषवाऱ्यात ते आलेखातला प्रत्येक आकडा वाचून दाखवतात. हवे असते ते आलेख आणि मजकूर कुठे जुळतात, कुठे जुळत नाहीत. घड्याळ लावून सराव करा आणि वहीत न लिहिता कीबोर्डवर टंकून करा, कारण परीक्षेत तसेच लिहायचे आहे. बोलण्याच्या विभागात समोर माणूस नसतो, हेडफोन आणि माइक असतो, तयारीला थोडा वेळ मिळतो आणि मग वेळ संपेपर्यंत बोलायचे. वाक्य अडले की गप्प बसू नका, सोप्या शब्दांत पुढे चला. मध्येच पडलेली शांतता लहानसहान व्याकरणदोषापेक्षा महाग पडते.

आणखी एक निरीक्षण. जर्मनच्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते. मराठी माणसाला हे अंगवळणी पडलेलेच आहे. तरीही विद्यार्थी इंग्रजीतून विचार करून क्रियापद मध्ये टाकतात. लिहिताना वाक्य आधी मराठीत मनात आणून बघा, निदान शब्दक्रमाच्या या चुका कमी होतात.

वेळेचा अंदाज सांगायचा तर गोएथे इन्स्टिट्यूट बी२ पर्यंत ४५ मिनिटांचे ६०० ते ८०० तास धरते आणि सी१ पर्यंत ८०० ते १०००. तुम्ही बी२ आहात, म्हणजे आठवड्याला दहा तास दिले तर पाच-सहा महिन्यांत परीक्षेला बसता येईल. टेस्टडाफच्या तारखा वर्षातून ठरावीकच असतात आणि निकालाला काही आठवडे लागतात. आधी अर्जाची मुदत बघा, तिच्यातून मागे मोजत परीक्षेची तारीख ठरवा.

प्रश्न: मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला आलो, त्यामुळे बारावी नाही. एपीएसला अडचण येईल का? माझे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असे आहे, पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने. (नाशिक)

बारावी नसणे ही अडचण नाही. बारावीच्या जागी डिप्लोम्याच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि डिप्लोमा प्रमाणपत्र जोडायचे. पण सगळी सत्रे हवीत. पुढे सुधारलेल्या विषयाची आधीची, नापासाची गुणपत्रिका वगळायची नाही. एटीकेटी असणे हा गुन्हा नाही, ती लपवल्याचे दिसले की शंका येते.

एपीएस म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रे खरी आहेत याचा दाखला देणारा जर्मन दूतावासाचा नवी दिल्लीतला विभाग. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी हा दाखला बंधनकारक आहे. शुल्क १८,००० रुपये. अनेक विद्यापीठे तो प्रवेश-अर्जासोबतच मागतात, म्हणून प्रवेशपत्र आल्यावर बघू असे म्हणत थांबू नका. अर्जाच्या मुदतीच्या तीन महिने आधी हे काम सुरू करा. विद्यार्थ्यांचे अर्ज गर्दीच्या दिवसांत रेंगाळतात आणि कागद अपुरा असेल तर ते परत मागवून पुन्हा रांगेत लागावे लागते.

नावाचा घोळ मात्र गंभीरपणे घ्या. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकांवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो, आईचे नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र ‘गिव्हन नेम’मध्ये असते. काहींच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव नसतेच. सगळे अर्ज, एपीएस, आयईएलटीएस, टेस्टडाफ, युनि-असिस्ट (पुढचा प्रश्न पाहा), बँक खाते, एकाच नावाने भरा: पासपोर्टवर जसे आहे तसे, अक्षर न् अक्षर. केवळ क्रम वेगळा असेल तर तपासणाऱ्यांना तो माहीत आहे. पण स्पेलिंगच वेगळे असेल, किंवा लग्नानंतर आडनाव बदलले असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीकडचे प्रतिज्ञापत्र आणि लागू असेल तर विवाह दाखला जोडा. शक्य असेल तर विद्यापीठाकडून पदवी प्रमाणपत्रावरचे स्पेलिंग आधीच दुरुस्त करून घ्या. ते काम लांबते, म्हणून शेवटच्या सत्रातच अर्ज द्या.

पदवी प्रमाणपत्र अनेक विद्यापीठांत मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असते. इंग्रजी मजकूर मागच्या बाजूला असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करा. आणि अर्जात ‘पदवी देणारी संस्था’ या रकान्यात कॉलेजचे नाव लिहू नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ अशी पदवी देणाऱ्या विद्यापीठाची नावेच अनाबिनमध्ये सापडतात. स्वायत्त कॉलेज असले तरी पदवीवर कोणाचा शिक्का आहे ते बघून लिहा.

प्रश्न: युनि-असिस्ट म्हणजे काय? सगळ्या विद्यापीठांना तिथूनच अर्ज करायचा का?

परदेशी कागदपत्रांची प्राथमिक छाननी करणारी ही बर्लिनमधली संस्था आहे. प्रवेश देण्याचा अधिकार विद्यापीठाचा. बर्लिन आणि ड्रेस्डेनची तांत्रिक विद्यापीठे तिच्यामार्फत अर्ज घेतात. आखेनला थेट त्यांच्या पोर्टलवर अर्ज करायचा. म्युनिकची पद्धत मधली आहे: अर्ज त्यांच्या पोर्टलवर, पण त्याआधी युनि-असिस्टकडून ‘व्हीपीडी’ नावाचा छाननीचा कागद मागवायचा, ज्यावर तुमची जर्मन श्रेणी लिहिलेली असते. तो वेळेत हवा, आणि नेमके हेच विसरून लोक अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात धावतात.

शुल्क एका सत्रात पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. पैसे जमा झाल्याशिवाय फाइल उघडत नाहीत. बँकेतून पाठवले तर मधल्या बँकांचे शुल्क कापून रक्कम कमी पोहोचू शकते. कार्डाने भरणे उत्तम. छाननीला चार ते सहा आठवडे धरा आणि मुदतीच्या आठ आठवडे आधी अर्ज टाका, म्हणजे अपुरा कागद पाठवायला सवड राहते.

मुदती: हिवाळी सत्राची सर्वसाधारण अंतिम तारीख १५ जुलै, उन्हाळी सत्राची १५ जानेवारी. पण मास्टर्सच्या तारखा खूप आधी असतात. आखेनमध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच अभ्यासक्रमांची मुदत १ मार्च, म्युनिकमध्ये अनेक मास्टर्सची ३१ मे. १५ जुलै ही तारीख डोक्यात ठेवून बसलेले विद्यार्थी मार्चमध्येच बाद झालेले असतात.

प्रश्न: शिक्षण फुकट आहे म्हणतात, मग बँकेत पैसे कशाला दाखवायचे? एकूण किती तयारी ठेवावी? (एक पालक, सोलापूर)

आखेन, बर्लिन, डार्मश्टाट इथल्या बहुतेक नियमित अभ्यासक्रमांना शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट आणि कार्ल्सरूहला, युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क लावले: बॅचलरला सत्राला २,००० किंवा ३,००० आणि मास्टर्सला ४,००० किंवा ६,००० युरो. याशिवाय सगळीकडे सत्राचा वर्गणीवजा आकार असतो, साधारण १०० ते ३५० युरो. त्यात बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पास येतो.

बँकेत दाखवायचे पैसे फीसाठी नसून राहण्या-खाण्यासाठी असतात. ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणजे असे खाते ज्यातून दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते. १ सप्टेंबर २०२४ पासून त्याची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. पैसे तुमचेच राहतात. म्युनिकसारख्या शहरात मात्र ९९२ मध्ये भागणे कठीण, कारण भाडेच निम्म्यापेक्षा जास्त खाते. आखेन किंवा ड्रेस्डेनमध्ये तुलनेने बरे. कर्ज घेणार असाल तर बँकेला सुरुवातीलाच सांगा की ही रक्कम एकरकमी, प्रवासाआधी लागणार आहे. सत्रागणिक हप्त्याने कर्ज देण्याची बँकेची सवय इथे उपयोगाची नाही.

मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पण पहिले सत्र त्या कमाईवर अवलंबून राहील असे नियोजन करू नका.

प्रश्न: प्रवेशपत्र ऑगस्टमध्ये आले. ऑक्टोबरला व्याख्याने सुरू होतात. व्हिसा वेळेत होईल का?

त्याच दिवशी कामाला लागा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचे काम मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाकडे येते. २०२५ पासून राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन कॉन्सुलर पोर्टलवर भरायचा असतो. शुल्क ७५ युरो. एपीएस, ब्लॉक्ड अकाउंट, आरोग्य विमा, भाषेचा दाखला आणि प्रवेशपत्र या पाच गोष्टी तयार असतील तर अर्ज लगेच भरता येतो. ब्लॉक्ड अकाउंटला पैसे पोहोचून पुष्टी यायला आठवडा सहज जातो, म्हणून आधी ते.

दुसरीकडे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला लिहून विचारा की नावनोंदणीची शेवटची तारीख कोणती आणि उशिरा येण्याची मुभा आहे का. बऱ्याच ठिकाणी नावनोंदणी ऑनलाइन होते आणि हजर राहायला काही आठवड्यांची सवलत मिळते, पण ती मागावी लागते. नावनोंदणीसाठी तुमची जर्मन विमा कंपनी विद्यापीठाला ‘एम१०’ नावाची इलेक्ट्रॉनिक सूचना पाठवते. प्रवासी विम्याच्या कागदावर ते काम होत नाही. वय ३० च्या आत असेल तर विद्यार्थ्यांच्या दराने सरकारी आरोग्य विमा घेता येतो. व्हिसा नोव्हेंबरनंतरच मिळणार असे दिसले तर प्रवेश पुढच्या वर्षी कायम राहील का, हे लेखी विचारून घ्या. प्रवेशपत्र त्याच सत्रापुरते असते, बहुतेक ठिकाणी नव्याने अर्ज करावा लागतो.

प्रश्न: कन्सल्टंट म्हणतो की अर्ज तोच भरेल, ईमेलही त्याचाच देईल. चालेल का?

नाही. खाते, ईमेल आणि पासवर्ड तुमचे असू द्या. कागद अपुरा असल्याची सूचना त्या ईमेलवर येते आणि तिला उत्तर द्यायला कधी कधी सात-आठ दिवसच मिळतात. हेतुपत्रही दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, मुलाखतीत त्यातल्याच ओळींवर प्रश्न विचारतात.

प्रश्न: पोर्टलवर मुदत ‘३१ मे, २३:५९’ अशी आहे. ती भारतीय वेळेनुसार का?

जर्मन वेळेनुसार. मे महिन्यात भारत जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे आपल्याकडे १ जूनच्या पहाटे ३:२९ पर्यंत. जानेवारीत हा फरक साडेचार तासांचा होतो. पण शेवटच्या रात्री पोर्टल मंदावते आणि मोठ्या पीडीएफ अपलोड होत नाहीत, म्हणून प्रत्येक फाइलचा आकार आधीच मर्यादेत आणून ठेवा. टपालाने कागद मागवले असतील तर तारीख पोहोचण्याची धरतात, पाठवल्याची नाही.